अकरा दारांचा आशादर्शक फोटो

संकटात माणसं एकत्र येतात, हे सत्य सर्वांनाच मान्य आहे. पण ती एकत्र आलेली असताना कोणी फोटो काढला नसेल, तर ती एकत्र आली होती हे पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही. हे त्याहून मोठं सत्य ओळखण्याचा मान आपत्ती कार्यालयाच्या 'आशा व एकजूट कक्षा'कडे जातो.

पूर्वी लोक अर्जाला आपापल्या संकटाचे फोटो जोडत. पडलेल्या भिंती, भिजलेल्या गाद्या, छपराच्या जागी आकाश. दिवसभर हे बघून कार्यालयातल्या माणसांच्या मनावर परिणाम होऊ लागला. दोन कारकून आजारी रजेवर गेले. हेडक्लार्क जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेऊ लागला. (तिसरा कारकून मुळातच उदास होता, त्याला यात धरलेलं नाही.) तेव्हा कार्यालयाने प्रश्नाचा मुळापासून विचार केला. संकटनिवारण म्हणजे शेवटी काय? तर बरं वाटणं. हे बरं वाटणं दोन प्रकारचं असतं : संकटात सापडलेल्याला वाटणारं, आणि त्याच्याकडे बघणाऱ्याला वाटणारं. पहिल्या प्रकाराला विटा, लाकूड, मजूर आणि कित्येक महिने लागतात. दुसऱ्याला एक चांगला फोटो पुरतो. शिवाय बघणारे संख्येने केव्हाही जास्त. बहुमताचा आदर करून दुसरा प्रकार स्वीकारण्यात आला आणि प्रपत्र सात निघालं.

प्रपत्र सातनुसार प्रत्येक अर्जाला एक 'आशादर्शक छायाचित्र' जोडावं लागतं. त्यात किमान दोन वस्त्यांचे लोक एकाच चौकटीत, हातात हात घालून असावेत. एक तरी वृद्ध व्यक्ती असावी. सुरकुत्या दिसाव्यात, पण त्यांचं कारण दिसू नये. एक मूल असावं. (त्याचं नाक पुसलेलं असावं, पण नुकतंच पुसल्यासारखं वाटू नये.) नजरा किंचित वर असाव्यात आणि हसू मनापासूनचं असावं. संकटही कुठेतरी मागे असावं, ओळखू येईल एवढं, पण नजरेत भरणार नाही एवढं. मागच्या वर्षी एकोणनव्वद टक्के अर्ज आशेच्या अभावी फेटाळले गेले, आणि उरलेले अकरा टक्के संकट नीट दिसत नसल्यामुळे.

आता ज्या संकटाची ही कथा आहे ते तसं किरकोळच होतं. ओढ्यावरचा लाकडी साकव पडला होता. ओढ्याच्या दोन काठांना दोन वस्त्या. सोयीसाठी त्यांना अलीकडचे आणि पलीकडचे म्हणू. (पलीकडचेही स्वतःला अलीकडचेच म्हणतात. त्यात त्यांची चूक नाही.) पिठाची गिरणी अलीकडे आणि दवाखाना पलीकडे. त्यामुळे साकव पडल्यापासून अलीकडे आजारी पडायची सोय राहिली नव्हती आणि पलीकडे जेवायची. साकव का पडला याबाबत मात्र दोन्ही वस्त्यांचं एकमत होतं : समोरच्यांमुळे. अलीकडचे म्हणत, त्यांनी साकवावरून लोखंडी कपाट नेलं. पलीकडचे म्हणत, यांनी गिरणीचं नवं जातं नेलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्या एकाच वेळी साकवाच्या मध्यावर घडल्या होत्या. कपाटवाले म्हणाले, तुम्ही मागे व्हा. जातंवाले म्हणाले, तुम्ही व्हा. अर्ध्या तासाने दोघांच्याही वतीने साकवच खाली गेला.

ओढा बावीस फूट रुंद होता आणि गाळ कमरेपर्यंत. त्या गाळात गेलेली चप्पल आजवर कोणाला परत मिळालेली नव्हती. वळसा घालून जायचं तर दोन बस आणि टेकडीच्या दोनशे चौदा पायऱ्या.

साकव पडला बुधवारी. मंगळवारी हसूनकाची बायको पलीकडे आपल्या थोरल्या बहिणीकडे गेली होती, चार दिवस राहून येते म्हणून. त्या चार दिवसांना आता पाच महिने झाले होते.

हसूनका म्हणजे अलीकडच्या वस्तीतला फोटोवाला. त्याचं खरं नाव काहीतरी होतं, पण एकतीस वर्षं त्याने दोन्ही वस्त्यांना तीनच वाक्यं ऐकवली होती : "हनुवटी खाली. कान दाखवा. हसू नका." त्यातलं शेवटचं लोकांनी त्याच्या गळ्यात बांधलं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता. एक पांढरी चादर, एक फिरतं स्टूल, दोरीने खिळ्याला बांधलेला कंगवा, आणि एक काळा कोट, ज्याला टाय आतूनच शिवून टाकला होता. अर्जांवरचे, दाखल्यांवरचे, ओळखपत्रांवरचे सगळे फोटो त्याच कोटात निघत. दोन्ही वस्त्यांतली माणसं कागदोपत्री एकाच कोटात वावरत होती, आणि एकजुटीचं याहून मोठं उदाहरण दाखवता आलं नसतं. पण ते प्रपत्र सातमध्ये बसत नव्हतं.

बायकोचा गुडघा दुखरा, त्यामुळे दोनशे चौदा पायऱ्या तिला शक्य नव्हत्या. हसूनका दोनदा वळसा घालून जाऊन आला. पण साडूच्या घरी आपल्याच बायकोला भेटायला जायचं, आणि साडूने "या, बसा, चहा घेणार ना?" असं विचारायचं, हे त्याला सहन झालं नाही. साडू स्वयंपाक उत्तम करतो, हेही त्याला याच काळात समजलं आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं. मग रोज संध्याकाळी पाच वाजता दोघं आपापल्या काठावर येऊन उभी राहत आणि ओरडून संसार करत.

"अहो, जेवलात का?"

"जेवलो!"

"काय केलंत?"

"भात!"

"करपला?"

इथे अलीकडच्या काठावरचे पाच-सहा जण एकदम ओरडत, "करपला!"

चाळीस माणसं ऐकत असल्यामुळे नवरा-बायकोची भांडणं पूर्णपणे थांबली होती. संसार इतका गोडीगुलाबीचा कधीच नव्हता, आणि हसूनकाला त्याचीच धास्ती वाटायची. एके दिवशी ती पायात नवी चप्पल घालून काठावर आली. ज्याला लवकर घरी परतायचं असतं तो नवी चप्पल घेत नाही, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. त्याच संध्याकाळी त्याने ठरवलं, साकव झालाच पाहिजे, आणि अर्जाचा फोटो आपणच काढायचा.

पहिला फोटो त्याने अलीकडच्या काठावर काढला. बासष्ट माणसं जमली. कॅमेरा दिसताच बासष्ट हनुवट्या खाली गेल्या, बायकांनी केस कानामागे सारले आणि सगळे चेहरे मयताला आल्यासारखे झाले. (त्यांचा दोष नाही. कॅमेऱ्यासमोर दुसरं काही करायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.) कोट मला, कोट मला, म्हणून थोडी झटापट झाली. शेवटी गिरणीवाल्याने तो पटकावला आणि उरलेले एकसष्ट जण त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत असताना फोटो निघाला. कक्षाचं उत्तर पंधरा दिवसांत आलं : 'सदर छायाचित्रातील व्यक्ती आशावादी नसून ओळखपरेडीसाठी उभ्या असल्याचे दिसते. कान समाधानकारक आहेत. तथापि कानांतून आशा व्यक्त होत नाही. तसेच दुसरी वस्ती आढळली नाही. सबब अर्ज परत.'

हसूनकाने स्टुडिओत हसण्याचे वर्ग सुरू केले. दोन आठवड्यांत प्रगती झाली ती अशी : गिरणीवाला फक्त वरच्या ओठाने हसू लागला. शिंप्याला हसताना डोळे उघडे ठेवणं जमेना. शाळामास्तर हसले, पण ते कोणाची तरी चूक सापडल्यासारखे. गिरणीवाल्याच्या आईने साफ नकार दिला.

"आजी, थोडं तरी," हसूनका म्हणाला.

"हसले आणि ऑफिसातले म्हणाले ही ती म्हातारी नव्हेच, तर? माझ्या सगळ्या कागदांवर मी चिडलेली आहे."

"पण हा फोटो साकवासाठी आहे."

"तूच आजवर सांगत आलास ना, हसू नका म्हणून? मग आता कोणाचं ऐकू, तुझं की तुझं?"

हा प्रश्न घेऊन हसूनका थेट कक्षात गेला. कक्षाच्या अधिकारी मॅडम एका मोठ्या फोटोखाली बसल्या होत्या. फोटोत चिखलात उभी असलेली वीस-पंचवीस माणसं खो खो हसत होती. (ती अजून तिथेच उभी असल्याचं समजतं.)

"मॅडम, दोन वस्त्यांनी हातात हात घालायचे तर मध्ये साकव लागतो," हसूनका म्हणाला.

"मग बांधून घ्या."

"त्यासाठीच तर अर्ज केलाय."

"अर्जाला फोटो कुठे आहे?"

"फोटोला साकव लागतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या आवाजात माया आली. "काका, तुमची अडचण मला कळते हो. पण तुम्ही संकटावर मात केल्याशिवाय आम्ही तुम्हाला संकटग्रस्त कसं म्हणायचं?"

यात कुठेतरी काहीतरी चुकतंय असं हसूनकाला वाटलं. पण सरकारी खुर्चीत बसलं की त्याला नेहमीच तसं वाटायचं, म्हणून तो उठला.

उपाय सुतारानं सुचवला. जुन्या साकवाचे खांब शाबूत होते, वरचं लाकूड तेवढं गेलं होतं. सुताराकडे लाकूड नव्हतं. "पण दारं आहेत," तो म्हणाला. "प्रत्येक घराला एक तरी आहेच. फोटोपुरती काढू, परत लावून देईन." अलीकडची पाच आणि पलीकडची पाच दारं निघाली, आणि एक कमी पडलं. अकरावं दार कोणी द्यायचं यावर दोन्ही काठांवरून दीड दिवस आरडाओरडा झाला. (साकव बांधायला पुढे अर्धाच दिवस लागला.) शेवटी हसूनकाने कोणाशी काही न बोलता आपल्या घराचं दार बिजागरीतून उचकटलं आणि डोक्यावर घेऊन आला. ते मधोमध बसलं. एका दारावर 'बेल एकदाच वाजवावी' अशी पाटी होती, दुसऱ्याला बाहेर कोण आलंय ते बघायचं भोक होतं आणि आता त्यातून ओढा दिसत होता.

ठरलेल्या सकाळी दोन्ही वस्त्या दारांवर चढल्या. हसूनका खाली काठावर तिकाटण्याला कॅमेरा लावून उभा होता. हातात हात घातले गेले. कपाटवाल्याच्या हातात नेमका जातंवाल्याचा हात आला आणि दोघांनीही तो मेलेला उंदीर धरावा तसा धरला. मग सवयीने सगळ्या हनुवट्या खाली गेल्या, कान बाहेर आले, आणि हसूनकाला समोर शंभर पासपोर्ट उभे असलेले दिसले.

"हसा!" तो ओरडला. कोणी हसेना. "अहो, हसा की!" माणसं आणखी गंभीर झाली.

त्याची बायको पलीकडच्या लोकांत मध्यावर उभी होती. इतरांसारखीच हनुवटी खाली घातल्यामुळे तिची नजर पायांकडे गेली. नव्या चपलेखाली 'फोटो तयार मिळतील' अशी पाटी होती.

"अहो!" ती इतक्या महिन्यांच्या सवयीने ओरडली, खरं तर तो दहा पावलांवर होता. "हे आपलं दार ना? घर उघडं टाकून आलात की काय?"

हसूनकाही सवयीनेच बेंबीच्या देठापासून ओरडला, "राहू दे उघडं! तू नाहीस, तर घरात चोरायला आहेच काय?"

मग ती लाजली, वयाची पंचावन्न वर्षं विसरून लाजली, आणि तिने पदर डोक्यावरून ओढून तोंडाला लावला. गिरणीवाल्याच्या आईला जे हसू फुटलं ते आवरेना. शिंपी हसला, मास्तर कोणाचीही चूक नसताना हसले, आणि कपाटवाला हसता हसता घसरला तेव्हा जातंवाल्याने त्याचा हात घट्ट धरून ठेवला. हसूनकाच्या डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. त्याने तसंच बटण दाबलं. (वाचकांना इथे बरं वाटलं असल्यास त्यांनी ही जागा लक्षात ठेवावी. पुढे लागेल.)

ती त्याच दिवशी घरी आली. दाराच्या जागी एक चादर टांगली होती, स्टुडिओतलीच पांढरी. पीठ पलीकडे गेलं, औषधं अलीकडे आली. दारं परत लावायची आठवण ना सुताराला झाली ना कोणी करून दिली. हसूनका रोज न करपलेलं जेवत होता आणि पहिल्याच आठवड्यात दोघांचं मीठ कमी पडल्यावरून कडाक्याचं भांडण झालं, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

दहाव्या दिवशी कक्षाचं पत्र आलं. 'अभिनंदन! आपले छायाचित्र वर्षातील सर्वोत्कृष्ट आशादर्शक छायाचित्र ठरले आहे. छायाचित्रात साकव स्पष्ट दिसत असल्याने साकवाची मागणी निकाली काढण्यात येत आहे. सदर साकव विनापरवाना असल्याने तो सात दिवसांत हटविण्यात येईल. तसेच पाहणीत अकरा घरांना दारे नसल्याचे आढळून आले. दारांसाठी स्वतंत्र अर्ज करावा. सोबत आशादर्शक छायाचित्र जोडावे.'

पत्राने कोणी घाबरलं नाही. कार्यालयाचे सात दिवस म्हणजे किती, याचा दोन्ही वस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. कमीत कमी दीड वर्ष, असं मास्तरांनी हिशेब करून सांगितलं. सातव्या दिवशी सकाळी दहा वाजता हसूनकाची बायको गुडघा दाखवायला पलीकडे दवाखान्यात गेली. साडेदहाला कक्षाची माणसं आली. (कार्यालयाच्या इतिहासात दिल्या दिवशी पोहोचल्याची ही पहिलीच नोंद.)

"अर्धा तास थांबा, बायको पलीकडे आहे," हसूनका गयावया करत म्हणाला. "तिचा नंबर चौतिसावा आहे. आत्ता येईल."

मुकादमाने आदेश खालीवर वाचून पाहिला. माणूस वाईट नव्हता. "यात बाईंचा उल्लेख नाही, काका," तो म्हणाला आणि पहिल्या दाराचा खिळा उपटला.

ती गुडघ्याला पट्टी बांधून काठावर आली तेव्हा अकरा दारं ट्रकमध्ये चढली होती आणि खांबही मुळापासून काढले होते. संध्याकाळचे पाच वाजायला अजून बराच अवकाश होता, तरी दोघं तिथेच उभी राहिली.

महिन्याभराने प्रदर्शन भरलं. हसूनकाला निमंत्रण होतं. तो काळा कोट घालून गेला. भिंतभर त्याचा फोटो होता, बायकोचा चेहरा परातीएवढा. खाली जमिनीवर निळं कापड अंथरून त्यावर अकरा दारं मांडली होती, म्हणजे प्रेक्षकांना एकजुटीचा अनुभव घेता यावा. लोक हातात हात घालून त्यावरून चालत होते आणि एकमेकांचे फोटो काढत होते. हसूनका आपल्या दाराशी वाकला आणि त्याने कडीवरून हात फिरवला. पहारेकऱ्याने त्याला नम्रपणे सांगितलं की प्रदर्शनातल्या वस्तूंना हात लावू नये.

शेजारी उभ्या असलेल्या बाई डोळे टिपत म्हणाल्या, "किती थोड्यात सुखी असतात ना ही माणसं! ती मधली बाई बघा, पदर लावून हसतेय. तुम्हाला काय वाटतं?"

"कान झाकलेत तिचे," हसूनका म्हणाला आणि बराच वेळ फोटोतल्या बायकोकडे बघत उभा राहिला.

बाहेर पडायच्या दाराजवळ अभिप्रायाची वही होती. तिच्यात दोनच रकाने होते : 'बघून बरे वाटले' आणि 'खूप बरे वाटले'. हसूनकाने समासात 'साकव हवा' असं लिहिलं. कारकुनाने ते आस्थेने खोडरबराने पुसलं आणि समजावून सांगितलं की चार हजार तीनशे अकरा लोकांना बरं वाटून झालेलं असल्यामुळे हे संकट कार्यालयाच्या लेखी संपलेलं आहे. मग त्याच्यापुढे पहिला रकाना सरकवून सही घेतली. चार हजार तीनशे बारा.

पलीकडच्या काठावर साडूने तिच्यासाठी एक खुर्ची आणून ठेवली आहे, गुडघ्याला बरी म्हणून. हसूनका रोज पाचला अलीकडच्या काठावर येतो आणि भात करपला का, याचं खरं उत्तर देतो. हा वृत्तान्त कक्षाने वाचला असून त्यांना तो आवडला आहे. त्यांचं म्हणणं असं की बायको दारावर उभी राहून लाजली तिथे वाचकाला बरं वाटतं, तेव्हा वाचकालाही बघणाऱ्यांत धरायला हरकत नाही. त्यामुळे आता मोजणी पुढे चालू झाली आहे आणि चार हजार तीनशे तेरावा नंबर तुमचा आहे. नाही म्हणू नका. ती जागा तुम्ही लक्षात ठेवली होती. फक्त वहीत सहीशेजारी तुमचा एक फोटो लागतो, आणि तो काढायला हसूनकालाच पाठवलं आहे. तेव्हा जरा सरळ बसा. हनुवटी खाली. कान दाखवा. आणि आता तरी हसू नका.